चपलेतला खडा

भाचीला परदेशी शिकायला जायचं आहे, म्हणून गेला महिनाभर मी इंग्रजी शिकतोय. जीआरईची परीक्षा तिची आहे, घाम माझा. तिच्याकडे शब्दांच्या कार्डांचा गठ्ठा आहे. पुढे शब्द, मागे अर्थ. रोज संध्याकाळी ती सदाशिव पेठेत आमच्याकडे येते. मी शब्द वाचायचा, तिने अर्थ सांगायचा, असं ठरलं होतं. मंगळवारी गठ्ठ्यातून ‘स्क्रूपल’ निघाला आणि सगळं उलटं झालं.

“हे छापताना अर्धं राहिलंय,” मी म्हणालो. “शब्द स्क्रूप्युलस असा आहे. आमच्या ऑफिसात गोपनीय अहवालात लिहायचे, स्क्रूप्युलसली ऑनेस्ट. म्हणजे माणसाला बाकी काही येत नाही.”

“मामा, हे क्रियापद आहे. टु स्क्रूपल. कचरणे. कर बरं वाक्य.”

मला वाक्य सुचायला वेळ लागला नाही. आय स्क्रूपल्ड टु क्रॉस टिळक रोड. त्यात तीस वर्षांचा अनुभव होता.

“चूक. ती भीती झाली. स्क्रूपल म्हणजे मनाला पटत नाही म्हणून पाय मागे घेणं.”

“बरं. लग्नाच्या पंगतीत मी चौथ्या जिलबीला स्क्रूपल केलं.”

“तो तुझा डायबेटिस.”

एवढ्यात आतून सौ. म्हणाल्या, “आणि चौथीला नाही, सहावीला. मी मोजत होते.”

मग मला मराठीचा अभिमान दाटून आला. आपल्याकडे कचरण्याचीसुद्धा खाती वेगळी आहेत. भीतीने माणूस कचरतो, पायाने घुटमळतो, जिभेने चाचरतो, पैसे काढताना का-कू करतो आणि खायला बसताना आढेवेढे घेतो. या शेवटच्या खात्यात पुणेकर पाहुणा दोनदा नको म्हणतो, कारण यजमान तिसऱ्यांदा विचारत नाही हे त्याला माहीत असतं. पण सद्सद्विवेकाने थबकण्याला एकच सुटसुटीत क्रियापद? मोल्सवर्थचा कोश काढला. १८५७ची दुसरी आवृत्ती, अर्थात पुनर्मुद्रण. तासभर पानं उलटल्यावर लक्षात आलं की मोल्सवर्थसाहेब मराठीतून इंग्रजीत जातात आणि मला उलट्या दिशेने यायचं होतं. पुण्यातल्या एकेरी रस्त्यांसारखंच झालं हे.

शेवटी, कधीकाळी अप्पा बळवंत चौकातून आणलेला जाडजूड इंग्रजी कोश माळ्यावरून उतरवला. त्यात शब्दाचं मूळ सापडलं आणि मी खूश झालो. लॅटिनमध्ये स्क्रूप्युलस म्हणजे बारीक टोकदार खडा. पुढे हाच शब्द औषधं तोलणाऱ्यांचं वजन झाला, वीस ग्रेन, म्हणजे सुमारे १.३ ग्रॅम. चपलेत शिरलेला एवढासा खडा, पण चालू देत नाही! आपल्याकडेही मनाला टोचणी लागते, मी भाचीला सांगितलं. फरक इतकाच की आपली टोचणी काम उरकल्यावर लागते, रोमन माणसाचा खडा आधीच टोचत असावा.

“मूळ राहू दे मामा, वापर बघ. हा बहुतेक नकारातच येतो. डिड नॉट स्क्रूपल टु.”

नकार म्हटल्यावर माझं इंग्रजी धो धो वाहू लागलं. आमच्या फाटकासमोर गाडी लावायला तो स्क्रूपल करत नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी कुंडीचं पाणी आमच्या वाळवणावर सोडायला स्क्रूपल केलं नाही. वाचायला नेलेला दिवाळी अंक सात वर्षं ठेवून घ्यायला साडूंनी स्क्रूपल केलं नाही. दहापैकी दहा बरोबर! भाची थक्क झाली. मला मात्र मराठीतला ‘बिनदिक्कत’ आठवला. माणसं बिनदिक्कत वागतात, दिक्कतीने वागलेला कोणी ऐकलाय? भीडभाड न ठेवता बोलतात, मुलाहिजा न बाळगता सुनावतात. ठेवली आणि बाळगली, तर त्याची बातमी होत नसावी.

होकारार्थी वाक्य काही जमेना. ते जमलं गुरुवारी, मंडईत.

१८८६ साली ही मंडई उघडली तेव्हापासून तिथे सुट्ट्या पैशांवरून वाद चालू असावा. त्या दिवशी वाद झाला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मेथी, दोन लिंबं घेतली आणि तुळशीबागेपर्यंत आल्यावर पैसे मोजले. पन्नास रुपये जास्त आले होते. पुढे निघालो तर पाऊल उचलेना. मनात खडा! उन्हात मागे फिरलो, गर्दीतून वाट काढत मावशींपाशी पोचलो आणि जरा मोठ्यानेच म्हणालो, “मावशी, तुमचे पन्नास जास्त आले होते. हे घ्या.” शेजारच्या गाळ्यावरच्यांनीही ऐकावं अशी इच्छा होती, नाही म्हणत नाही.

मावशींनी नोट उजेडात धरली. उलटी केली. पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“काका, ही फाटकी आहे. दुसरी द्या.”

“अहो, तुम्हीच दिलीत ही!”

“मी कशाला फाटकी देईन?”

शेजारच्या गाळ्यावरच्यांनी हे मात्र नीट ऐकलं. मी मुकाट्याने खिशातली कोरी पन्नासची काढून दिली आणि घरी आलो.

फाटकी अजून माझ्याकडे आहे. पीएमपीच्या गर्दीत, कंडक्टरच्या हातात चौपदरी घडी करून सरकवली तर कळणार नाही. दोनदा बसमध्ये चढलो, दोनदा चांगली नोट काढून दिली. तिसऱ्यांदा चालतच गेलो. संध्याकाळी भाचीला सांगितलं, आय अ‍ॅम स्क्रूपलिंग टु यूज इट.

“बरोबर!” ती म्हणाली आणि पुढचं कार्ड काढलं.