क्रीटमध्ये फुलांपुढे साष्टांग

क्रीटला वसंतातली रानफुलं बघायला निघण्याआधी गुडघे तपासून घ्यावेत, हा माझा पहिला सल्ला. चष्म्याचं नंतर बघू.

जाहिरातीतल्या फोटोंत दिसणारी लाल पॉपी आणि पिवळी डेझी गाडीच्या काचेतूनही दिसतात. त्यांच्यासाठी कुणाला वाकावं लागत नाही. पण फूलवेडी माणसं या ग्रीक बेटावर ज्यांच्यासाठी येतात ती ऑर्किडं वीत-दीड वीत उंच असतात, आणि त्यांचं एकेक फूल अंगठ्याच्या नखाएवढं. ती बघायची तर लोटांगणाला पर्याय नाही. आणि क्रीटचा डोंगर हा काही देवळाचा सभामंडप नव्हे. तिथल्या जमिनीवर जे झुडूप सर्वांत जास्त आहे त्याचं नाव सार्कोपोटेरियम, आणि ते आपादमस्तक काट्यांचं आहे. त्याच्या जोडीला गुबगुबीत गिरदीसारखं दिसणारं काटेरी युफोर्बिया असतं. त्यावर टेकलात तर काटे टोचतात, आणि मोडलंत तर चीक येतो. तो हाताला लागला आणि तोच हात डोळ्याला लागला, तर उरलेला दिवस फुलांचा फक्त वास घ्यावा. म्हणून जाड कापडाची पूर्ण विजार, पाण्याची बाटली आणि बागकामवाले वापरतात तसली गुडघ्याखालची फोमची पट्टी या तीन गोष्टी कॅमेऱ्याच्या आधी पिशवीत जाव्यात.

कधी जायचं, याचं उत्तर तारखेत मिळत नाही, उंचीत मिळतं. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो म्हणून कासला सप्टेंबरात गर्दी होते. क्रीटला पाऊस पडतो तो हिवाळ्यात, आणि उन्हाळा ठार कोरडा. त्यामुळे झाडांना फुलणं, फळणं, बी टाकणं जे काय उरकायचं ते ऊन तापायच्या आत. जूनमध्ये किनाऱ्यावर नुसतं वाळकं गवत दिसतं. पण बेटाच्या मध्यभागी २,४५६ मीटरचा प्सिलोरिटिस उभा आहे आणि पश्चिमेला त्याच्याहून जेमतेम तीन मीटर बुटके श्वेत पर्वत. म्हणून किनाऱ्यावर अ‍ॅनिमोन मार्चमध्ये आटपत आलेले असतात, सातआठशे मीटरवरची ऑर्किडं एप्रिलच्या मध्यावर रंगात येतात, आणि अगदी वर बर्फाच्या कडेने क्रोकस उगवतात ते मे महिन्यात. एकच आठवडा सुटी मिळत असेल तर एप्रिलचा दुसरा किंवा तिसरा धरावा. मात्र सकाळी किनाऱ्यावर टी-शर्ट आणि दुपारी ओमालोसच्या पठारावर कानटोपी, अशी दुहेरी तयारी हवी. समारियाची प्रसिद्ध घळ एप्रिलमध्ये बंद असते. ती साधारण १ मेपासून उघडते. वरच्या तोंडाशी उभं राहून आत डोकावता येतं, एवढंच.

मार्चमध्ये गेलात तर ऑलिव्हच्या बागांखाली लिंबाच्या रंगाचा गालिचा दिसेल आणि तोंडातून ‘अहाहा’ निघेल. निघू द्यावं, पण स्थानिक शेतकऱ्यासमोर नको. ती दक्षिण आफ्रिकेतून आलेली ऑक्झॅलिस, आपल्या आंबुशीची चुलत बहीण. जमिनीखाली तिला बारक्या कंदांचा लेकुरवाळा संसार असतो, आणि नांगर फिरवला की तो संसार शेतभर पांगतो.

व्हिसाबद्दल फार बोलत नाही. शेंगेनचा अर्ज, ९० युरो फी, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. कारण या रकान्यात ‘पर्यटन’ लिहावं. ‘ऑर्किड’ लिहिलंत तर प्रश्न वाढतात.

गाडी मात्र हवीच, कारण एस.टी.सारखी बस असली तरी ती फुलापाशी थांबत नाही. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना घरूनच काढून न्यावा. तिथे उजवीकडून चालवायचं. पहिले दोन दिवस गिअर समजून हात दरवाजाशी चाळा करत राहतो. उत्तरेच्या महामार्गावर मागचा ड्रायव्हर अगदी पाठीला चिकटतो. त्याची अपेक्षा एवढीच की तुम्ही कडेच्या पट्टीत सरकावं आणि त्याला जाऊ द्यावं. सरकावं. आपण त्या पट्टीत सरकतो तेव्हा तिथे ऑर्किड दिसतं, ही खरी अडचण. ब्रेक मारायचा नाही! पुढे रुंद जागा बघून गाडी लावायची आणि पायी मागे यायचं. वळणावर तर थांबूच नये. कच्च्या रस्त्याला लागण्याआधी भाड्याच्या गाडीचा करार वाचावा: ‘संपूर्ण विमा’ म्हणतात त्यात टायर आणि गाडीचं पोट बहुधा धरलेलं नसतं. आणि नकाशावर दीड तास दिसतो त्या रस्त्याला फूलवेड्याने अख्खा दिवस राखून ठेवावा.

आता मुख्य पीठ. स्पिली गावाच्या वरच्या अंगाला ग्यूस कांबोस नावाचं पठार आहे. एप्रिलमध्ये तिथल्या शेतांत लाल रानटी ट्यूलिप उभे असतात. ते बघून लोक परत फिरतात आणि चुकतात. कारण शेजारच्या खडकाळ उतारावर ऑर्किडं आहेत. सळ्यांच्या जाळीचं फाटक तारेने बांधलेलं असेल तर तार सोडून आत जावं आणि आपल्यामागे तशीच बांधावी. मेंढ्या बाहेर पडल्या तर फुलांवरचं तुमचं प्रेम मेंढपाळाला पटवून देता येणार नाही. मग गुडघे टेकायचे; पण आधी मागे बघायचं. समोरच्या ऑर्किडवर डोळा ठेवून बसणारा माणूस हमखास मागच्या ऑर्किडवर बसतो.

ऑर्किस इटालिकाचा गुलाबी तुरा लांबून सभ्य दिसतो. भिंग लावलं की प्रत्येक फूल म्हणजे हातपाय पसरलेला एक नागडा बाप्या, सर्व तपशिलांसह. ओफ्रिस हे प्रकरण त्याहून बेरकी. त्याची खालची पाकळी काळपट, मखमली, केसाळ, मध्ये निळसर चकाकी. हुबेहूब एकेकट्या राहणाऱ्या रानटी मधमाशीची मादी. वाससुद्धा तिचाच. नर माश्या माद्यांच्या आधी बाहेर पडतात. त्या उतावळ्या दिवसांत नर या पाकळीवर झेपावतो, मकरंदाचा थेंब मिळत नाही, आणि डोक्याला परागाच्या दोन गुठळ्या चिकटवून पुढच्या फुलाकडे जातो. तिथे पुन्हा फसतो.

त्याला हसण्याआधी आपलं बघावं. ओफ्रिसच्या जाती किती, यावर तज्ज्ञांत भाऊबंदकी आहे: कुणी सगळ्या मिळून दहाबारा मानतो, कुणी तीनशेच्या वर. म्हणून नुसता समोरून फोटो काढून भागत नाही. समोरून, बाजूने, पानं, अख्खं रोप, आणि मापासाठी शेजारी एक नाणं. वारा थांबत नाही, तेव्हा पाठीची भिंत करून एकाने आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने फोटो घ्यायचा. एवढं करूनही संध्याकाळी दोन पुस्तकं दोन नावं देतात. तोडणं, उपटणं मात्र बिलकूल नाही. सगळ्या ऑर्किडांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानेच निर्बंध आहेत.

उभ्याने फोटो काढता येतील अशा मोजक्या फुलांत ड्रॅकन्क्युलस येतं. सुरण, अळू, शेवळं यांच्याच घराण्यातलं. हातभर लांब जांभळ्या मखमलीचं पान, मधून काळाभोर दांडा. पण त्याला परागीकरणासाठी माश्या लागतात, म्हणून फुललं की ते सडक्या मांसाचा वास सोडतं. वाऱ्याची दिशा बघून जवळ जावं, आणि जेवणानंतर जाऊच नये.

जेवणाची चिंता शाकाहारी माणसाने करू नये, कारण ईस्टरआधी तिथे लांबलचक उपवास चालतो. ‘निस्तिसिमा’ एवढं विचारलं की मांस, अंडी, दूध नसलेले पदार्थ पुढे येतात: डाळी, रानभाज्या, ऑलिव्ह तेल. त्यात ऑक्टोपसही येतो, लाल रक्त नसल्याच्या सबबीवर. उपवासात पळवाट काढणं ही काही आपलीच मक्तेदारी नाही. २०२७मध्ये त्यांचा ईस्टर २ मे रोजी आहे. त्या रविवार-सोमवारी गावातला पेट्रोल पंप उघडा मिळेल या भरवशावर राहू नये. टाकी शनिवारीच भरावी. जेवणानंतर फुकट येणारी राकी ही कडक दारू नाकारू नये, पण गाडी चालवणाऱ्याने ती शेजाऱ्याकडे सरकवावी.

राहता राहिला फुलांचं वेड नसलेला जोडीदार. त्याला पठारावर नेऊ नये. स्पिलीत सिंहमुखी कारंज्यापाशी, चिनारांच्या सावलीत, कॉफी मागवून बसवावं. ‘अर्ध्या तासात येतो’ असं म्हणू नये. ‘जेवायला येतो’ म्हणावं, आणि कुठल्या ते मोघम ठेवावं.