बर्फ पडणार, खरं किती?

रेल्वेला दोन महिने आधी पैसे मोजायचे असतात आणि हवामानवाल्यांना दहा दिवसांच्या पलीकडचं धड दिसत नाही. मधल्या काळात माणसानं काय करायचं, हे दोघंही सांगत नाहीत. आम्ही गोवा एक्सप्रेसची निजामुद्दीनपर्यंतची तिकिटं काढली, मनालीच्या हॉटेलवाल्याला ॲडव्हान्स पाठवला आणि बेळगावच्या टिळकवाडीतलं आमचं अख्खं घर एकाच प्रश्नाला जुंपलं: जानेवारीत बर्फ पडणार काय?

तारीख जवळ आली तसा मुलानं मोबाईल पुढं केला. एका ॲपवर 28 सेंटिमीटर बर्फ, दुसऱ्यावर 3. गाव तेच, दिवस तोच.

पहिलं ॲप अमेरिकेच्या जीएफएस या हवामानाच्या संगणकी मॉडेलवर चालणारं, दुसरं युरोपियन मॉडेलवर, ज्याचं मुख्यालय इंग्लंडात रेडिंगला आहे. आता मतभेद आम्हाला काय नवे? सीमाप्रश्न 1956 पासूनचा, सुप्रीम कोर्टातला दावाही 2004 पासूनचा. त्यामुळे अमेरिका आणि युरोपचं बर्फावरून फाटलंय म्हटल्यावर कोणी दचकलं नाही. लगेच गट पडले. मुलगी अमेरिकेकडं, कारण आकडा मोठा. बायको युरोपकडं, कारण बर्फ कमी तर भाड्याच्या बुटांचा खर्च कमी. आई तेवढी कोणाचीच नाही. "एवढी मोठी यंत्रं हाईत, खरं एक आकडा सांगायला येईना होय रे त्यांना?"

मग मी समजावायला बसलो, आणि तिथंच फसलो. हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ढग-पावसाच्या लाटा, भूमध्य समुद्राकडून येतात. एवढ्या लांबून येणारी गोष्ट वाटेत जराशी वर-खाली सरकली की मनालीऐवजी दुसऱ्याच खोऱ्यात बरसते. शिवाय मॉडेल जगाचे चौकोन पाडतं, युरोपियन साधारण 9 किलोमीटरचे, अमेरिकन 13 चे. मनालीकडं एवढ्या चौकोनात बियास नदी, मॉल रोड, सफरचंदाच्या बागा आणि वरचा डोंगर असं सगळं बसतं, आणि मॉडेल त्या सगळ्याला मिळून एकच उंची लावतं. म्हणजे दोघंही ज्या मनालीचा अंदाज सांगतात, ती मनाली जमिनीवर नाहीच.

त्यात पाण्याचा बर्फ करायचा हिशेब. ढोबळमानानं 1 मिलिमीटर पाण्याचा 1 सेंटिमीटर बर्फ धरतात; ओला असेल तर निम्माच भरतो, कोरडा असेल तर दीडपट-दुप्पट. आणि पारा शून्याच्या बऱ्यापैकी वर असला तर सगळाच पाऊस.

"पाऊस?" आई सावरून बसली. "मग जांबोटीला जाऊया की. बस जाते."

मुलानं तोडगा आणला. युरोपवाले सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून तोच अंदाज एकदम 51 वेळा काढतात, मग कितींत बर्फ आला ते मोजून टक्के सांगतात. आमच्या वाट्याला चाळीस टक्के आले. माझ्या मते या सगळ्या गोतावळ्यात खरं बोलणारा आकडा तेवढाच. पण चाळीस टक्के थर्मल घालता येत नाही, आणि बायकोनं तर तो आकडा परीक्षेतल्या मार्कांसारखा ऐकून मुलाकडंच बघितलं.

रोज सकाळी दहाच्या सुमारास अमेरिका बोलायची, युरोपचा निकाल कुकरच्या शिट्टीबरोबर. गंमत म्हणजे दोन दिवसांत अमेरिका 6 वर उतरली आणि युरोप 14 वर चढला. आता मुलीनं युरोपकडं यायला हवं होतं की नाही? पण नाही. आमच्याकडं पक्ष एकदा धरला की धरला. ती म्हणाली, "संध्याकाळी वाढवतील बघा." बायको म्हणाली, युरोपचं आज काहीतरी चुकलंय, आणि बुटांचा विषय पुन्हा काढू दिला नाही.

शेवटी हॉटेलवाल्यालाच फोन लावला, स्पीकरवर.

"पक्का गिरेगा, साब."

"कितना?"

"जितना चाहिए."

आईला हे मॉडेल एकदम पसंत. "बघ, कसा नीट बोलायलाय माणूस. आता विचार त्याला, नाही पडला तर ॲडव्हान्स परत देणार काय?"

विचारलं. तिकडं मनालीत अचानक रेंज गेली.