आला एकदाचा बाप

नाटकात माझी वाक्यं सगळी मिळून अकरा. शेवटचं वाक्य घर सोडून निघालेल्या मुलाला: "जा. दार ओढून घे." पाठ व्हायला चार सेकंद पुरले. पण दिग्दर्शक म्हणाला, "काका, शब्द आले, बाप नाही आला." तेव्हापासून रोज संध्याकाळी सगळे मिळून त्या बापाला बोलावतोय.

सुरुवात भावनिक स्मृतीपासून. ही रशियन नाट्यगुरू स्तानिस्लाव्हस्कींची देणगी. आयुष्यातलं जुनं दुःख आठवायचं, पण थेट त्याच्या अंगावर धावून जायचं नाही. त्या वेळचा उजेड, वास, हाताचा स्पर्श आठवायचा. दुःख मागोमाग येतं म्हणे. मी डोळे मिटले. वास येत होता तो तालमीच्या सतरंजीचा. आणि आठवत होती बसमध्ये विसरलेली छत्री. आयुष्यातली बाकीची भारदस्त दुःखं मागे ताटकळत होती, पण छत्री काही वाट सोडेना.

"हाताला काय लागतंय, काका?" दिग्दर्शकाने हळुवार विचारलं.

"लाकडी मूठ."

"वडिलांची काठी?"

आता काय सांगणार? मी मान हलवली. पलीकडे बसलेल्या आमच्या नायिकेने पदराने डोळे पुसले. वडिलांनी जन्मात काठी धरली नव्हती. पुढे वाचनात आलं की स्तानिस्लाव्हस्कींचा शिष्य मायकेल चेखव्ह याने याच व्यायामात वडिलांची अंत्ययात्रा अशी उभी केली की खुद्द गुरूंनी त्याला मिठी मारली, आणि नंतर कळलं, वडील जिवंत आहेत! किस्सा खरा असो वा रचलेला, माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

मग माइस्नर या अमेरिकन अभिनयशिक्षकाचा पुनरुक्तीचा व्यायाम. समोरच्याकडे बघून दिसेल ते बोलायचं, त्याने तेच परत म्हणायचं, आणि हे चालू ठेवायचं. मुलाचं काम करणारा पोरगा म्हणाला, "तुमचं बटण तुटलंय." मी म्हणालो, "माझं बटण तुटलंय." "तुमचं बटण तुटलंय." "माझं बटण तुटलंय." विसाव्या फेरीला माझा आवाज चढला, चाळिसाव्याला मी उठून उभा राहिलो. दिग्दर्शक आनंदाने ओरडला, "हा राग खरा आहे!" होताच खरा. पण नाटकातल्या बापाचा नव्हता, माझा होता, आणि बटणावरून होता.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातली भावना अंगावर उमटल्याच्या खुणा, सांगितलेत. त्यातले घाम, कंप आणि स्वरभंग हे तीन मला रंगमंचावर पाऊल ठेवताक्षणी विनासायास साधतात. त्याचं श्रेय मात्र कोणी देत नाही.

शेवटी दिग्दर्शकच थकला. म्हणाला, "भावना सोडा. हा मुलाचा शर्ट. घडी घाला, आणि घडी पुरी झाल्यावरच बोला." स्तानिस्लाव्हस्कीही उतारवयात हातांच्या कामाकडेच वळले होते. 1934 मध्ये अमेरिकन अभिनेत्री स्टेला ॲडलर त्यांना पॅरिसला भेटली, तेव्हा स्मृतीपेक्षा प्रसंग आणि कृती धर, असंच त्यांच्याकडून ऐकून परतली. मला कोणी दोन आठवडे आधी सांगितलं असतं तर!

घडी मला येत नाही. एक बाही आत घातली की दुसरी बाहेर. मुलगा दाराशी उभा आहे, याचं भान राहिलं नाही. बाह्या आत गेल्या, शर्ट अर्धा झाला, मग पाव. हातात उरलं ते पाच वर्षांच्या पोराच्या मापाचं होतं. मी त्यावरून हात फिरवला आणि घशात काहीतरी अडकलं. हॉल धूसर झाला. बाप आला होता.

वाक्य गेलं होतं.

विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला, "जा." मी गप्प. तो जरा मोठ्याने म्हणाला, "जा! दार ओढून घे!" पोराला वाटलं, मीच बोललो. तो गेला. दारसुद्धा ओढून घेतलं.