दहा बाय सहाची होळी

फाल्गुन लागला की इंदुरातल्या फ्लेक्सच्या दुकानांत आगीच्या ऑर्डरी सुरू होतात. कॉलनीच्या होळी समितीतले दोघं-तिघं येतात आणि हातातले पोहे संपवता संपवता सांगतात, "भिया, होलिका दहनाचा फ्लेक्स करायचाय. दहा बाय सहा. आग एकदम असली दिसली पाहिजे." असली आग लावायला गोवऱ्या, काडी आणि दोन मिनिटं पुरतात. फोटोशॉपमध्ये ती लावायला माझा अर्धा दिवस जातो, आणि त्यातलाही बराचसा वेळ अंधार करण्यात.

कारण पहिली अट ठरलेली असते : "मागे पांढरं ठेवा, साफ दिसतं." स्वच्छतेत पहिलं येणारं शहर; अंधारही त्यांना कचऱ्यासारखा वाटतो. आता यांना कसं सांगावं, की आग ही वस्तू नाही, उजेड आहे? आगीचा लेयर, म्हणजे चित्रावरचा वेगळा थर, 'स्क्रीन' मोडवर ठेवतात. काळं असेल ते गायब होतं, उजळ असेल ते खालच्या चित्राला आणखी उजळवतं. खालचं चित्र आधीच 255-255-255, म्हणजे पूर्ण पांढरं, असेल तर त्याहून उजळ काय होणार? पांढऱ्यावर ठेवलेली ज्वाळा, वर्गणीची पावती बघून शेजारी नाहीसा व्हावा तशी नाहीशी होते. म्हणून आधी कर्व्हज (उजेड-अंधाराचा वक्र) घेऊन सगळं चित्र अंधाराकडे ओढायचं, रात्र करायची, मग काडी.

'होळीच्या शुभेच्छा' ही अक्षरं पेटवायची असतील तर जुना 'विंड' फिल्टर अजून कामाला येतो. काळ्यावर पांढरी अक्षरं टाइप करा, लेयर एक करा. हा वारा फक्त आडवा वाहतो, डावीकडून नाहीतर उजवीकडून. वर वाहणं त्याच्या कुंडलीतच नाही. म्हणून कॅनव्हास घड्याळाच्या उलट 90 अंश फिरवायचा, वारा 'उजवीकडून' सोडायचा, तीनदा, आणि कॅनव्हास सरळ करायचा. दुसरी मेख अशी, की या वाऱ्याला जोर हवा तेवढा कमी-जास्त करायला सरकपट्टा नाही. त्याच्या रेघा ठरावीक पिक्सेलच्याच निघतात. दहा बाय सहा फूट 72 डीपीआयला (इंचाला 72 ठिपके) उघडलं तर 8640 बाय 5184 पिक्सेल होतात. एकेक भरलेला लेयर सव्वाशे एमबीच्या वर. एवढ्या अक्षरांवर तो वारा म्हणजे हत्तीच्या पाठीवर हातपंखा. आग आधी हजार-बाराशे पिक्सेलच्या लहान फाइलमध्ये पेटवावी आणि मग मोठी करावी. आगीला धारदार कडा नसतातच, त्यामुळे ताणलेलं कोणाला कळत नाही.

मग कडा धूसर करायला तीन-चार पिक्सेलचा गॉसियन ब्लर. ह्यू-सॅच्युरेशनमध्ये (रंगछटा आणि तिचा भडकपणा) 'कलराइझ'वर खूण, ह्यू 40, सॅच्युरेशन 100. लेयरची नक्कल काढून तिचा ह्यू 40 ने उतरवला की ती लाल होते. ती 'कलर डॉज' या, खालचं चित्र उजळून भडकवणाऱ्या मोडवर ठेवायची. फार भडकली तर ओपॅसिटी (लेयर किती दाट दिसावा ते) न उतरवता तिच्याखालचं 'फिल' उतरवावं. कलर डॉजमध्ये दोन्हींचा परिणाम वेगवेगळा होतो, आणि फिलनं ज्वाळेचा गाभा पांढरट राहून कडा तेवढ्या निवतात. यानंतर लिक्विफाय, म्हणजे चित्र ढकलून वळवणं : मोठ्या ब्रशनं दोन-तीन वळणं, लहान ब्रशनं टोकं. इथे हात आवरणं महत्त्वाचं. ब्लर विसरला तर ज्वाळांची शेव होते, लिक्विफाय जास्त झालं तर जिलबी. दोन्ही इंदूरकरांना प्रिय, पण होळीत नाही.

नव्या आवृत्तीत 'फ्लेम' नावाचा तयार फिल्टर आहे. पाथ (ज्वाळेच्या वाटेची रेघ) काढल्याशिवाय तो हलत नाही, आणि आहे तसा वापरला तर आगीऐवजी विंचरलेले केस दिसतात. मला तरी काळ्या पार्श्वभूमीवरचा खऱ्या आगीचा फोटो बरा वाटतो. फक्त तिथलं काळं खरोखर काळं नसतं. 'स्क्रीन' मोडवर टाकताच आगीभोवती फिकट चौकोन उमटतो, जणू होळी सतरंजीवर बसवलीय. लेव्हल्सचा काळा सरकपट्टा 15-20 पर्यंत पुढे घेतला की सतरंजी गुंडाळली जाते. तीच ज्वाळा चारदा चिकटवायची तर दरवेळी उलटी करून, वार्प करून (वाकवून). आणि कृपा करून आगीला ड्रॉप शॅडो देऊ नका. बुडाशी निळाही नको. लाकडाच्या ज्वाळेचा पिवळा रंग तापलेल्या काजळीच्या कणांचा असतो. निळी ज्वाळा दिसली की लोकांना सिलिंडर आठवतो.

मागे राजवाडा हवाच असतो, कारण होळकरांच्या वेळेपासूनची सरकारी होळी तिथेच पेटते. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. ज्वाळेची टोकं दगडाच्या वर जाऊ देऊ नयेत. 1984 मध्ये वाड्याचा काही भाग खरोखरच जळला होता. तो पुन्हा पेटल्यासारखा दिसला तर जुने लोक दुकानात येऊन बोलतात.

शेवटी समितीचे बावीस चेहरे. आग खाली, चेहरे वर, तेव्हा नियमानं नारिंगी उजेड हनुवटीखालून यायला हवा. 255-140-0 चा मऊ ब्रश, 'सॉफ्ट लाइट' मोड, 25 टक्के. तंत्र अगदी बरोबर, फक्त अध्यक्ष वेताळासारखे दिसतात. मग उजेड एका गालावर आणायचा, होळी जरा बाजूला पेटलीय असं समजून.

एवढं करून फाइल सीएमवायके (छपाईच्या चार शायांची) केली की आगीतून फुफाट्यात. पडद्यावरचा झगझगीत नारिंगी शाईच्या आवाक्यात नसतो; छापता न येणारे रंग दाखवणारं शिफ्ट-कंट्रोल-वाय दाबलं की जवळजवळ सगळी होळी राखाडी दिसते. लेयर आधी एक करून मगच मोड बदलावा, नाहीतर स्क्रीन आणि डॉजचं गणितच बदलतं. मग ज्वाळेतला सायन आणि काळा काढून मॅजेंटा 60, पिवळा 100 च्या आसपास आणायचं. सायन राहिला तर आगीची वीट होते.

फ्लेक्स देताना आणखी एक सांगतो : हे पीव्हीसी आहे, होळीपासून लांब, वारा येतो त्या बाजूला बांधा. सगळे माना डोलावतात. रात्री साडेअकराला फोन येतो, "भिया, एक कोपरा गेला. तेवढाच तुकडा छापून मिळेल का? अध्यक्ष त्याच बाजूला होते."