'बरं केलं ट्रम्पनं' म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी फिरून येताना नागपुरात ट्रॅफिक पार्कजवळ पोह्याच्या ठेल्यावर ओळखीचे एक काका भेटले. बँकेतून रिटायर झालेले, सज्जन माणूस. अमेरिकेचा विषय निघाला आणि म्हणाले, "बरं केलं ट्रम्पनं. तिकडे नोकरीला जायच्या एच-वन-बी व्हिसावर लाख डॉलर लावले ना, आता या म्हणा परत. तसंही बापाला अग्नी द्यायलाही येत नाहीत ही पोरं."

तिथे चार लोक होते, मी गप्प बसले. घरी आल्यापासून मात्र डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहिते आहे. लांबेल.

काका, डिसेंबरात मी अंबाझरी घाटावर होते. आमच्या घरच्या बाया घाटावर जात नाहीत. मी गेले, कारण कोणीतरी फोन धरायला हवा होता. भाऊजी गेले आणि त्यांचा मुलगा, माझा भाचा, अमेरिकेत डॅलसला होता. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. अग्नी पुतण्यानं दिला. उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून मी पदराची सावली केली. आवाज बंद ठेव असं मीच त्याला सांगितलं होतं, पण चेहरा तर दिसत होता ना. तो चेहरा पाहिलेल्या माणसासमोर "येत नाहीत ही पोरं" म्हणायचं नाही.

का आला नाही, ते ऐका. एच-वन-बी त्या माणसाचा नसतो, कंपनीचा असतो. अर्ज कंपनी करते, मंजुरी कंपनीच्या नावानं येते. तीन वर्षं, मग आणखी तीन. त्याची मंजुरी शाबूत होती, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला. तिथे राहून काम करायला तो लागत नाही. देशाबाहेर पाऊल टाकलं की मात्र परत शिरायला मुंबईच्या कॉन्सुलेटमधून नवा घ्यावा लागतो. त्याची कॉन्सुलेटमधल्या मुलाखतीची डिसेंबरअखेरची तारीख होती, तिकिटं काढलेली होती, भाऊजींना भेटायलाच येणार होता. नेमकं १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोरवाल्यांचे (म्हणजे त्यांच्या बायको-मुलांचे) सोशल मीडिया अकाउंट तपासायचं ठरलं आणि इकडच्या तारखा धडाधड पुढे गेल्या. त्याची मार्चात गेली. पाचव्या दिवशी भाऊजी आयसीयूत.

कंपनीचं उत्तर आलं: जा, पण अडकलात तर भारतातून काम करता येणार नाही, नोकरी ठेवण्याची हमी देता येणार नाही. बापाचं ऑक्सिजन उतरतंय आणि हे असं ईमेल! आणि नोकरी गेली तर? तिथे राहून गेली तर साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी अर्ज करणारी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. इकडे अडकून गेली, तर भाड्याच्या घरातलं सामान, पोराची शाळा, गाडीचं कर्ज, सगळं तिकडे आणि हा त्रिमूर्तीनगरात. बायको एच-फोरवर. तिच्या कामाचा परवानासुद्धा याच्याच कागदांवर लटकलेला.

मग ग्रीन कार्ड, म्हणजे तिकडे कायम राहायचा परवाना, घ्यावं ना, असं तेरवीला एकानं विचारलंच. अहो, अर्ज कधीचा केलाय. नोकरीवाल्या ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त जागा नाहीत. छोट्याशा देशालाही सात आणि आपल्यालाही सात. दहा-बारा वर्षांपूर्वी रांगेत लागलेल्या आपल्या लोकांचा नंबर आत्ता कुठे लागतोय. तोवर मूल एकवीस वर्षांचं झालं तर ते एच-फोरमधून बाहेर!

आणि काका, ते लाख डॉलर लावले ते २१ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या अर्जांवर, तिकडे आधीपासून असलेल्यांच्या मुदतवाढीवर नाहीत, आणि भरायचे कंपनीनं. म्हणजे माझ्या भाच्यासारखे परत येणार नाहीत. उलट दुसरी कंपनी शोधणंही अवघड झालं तर आहे त्याच मालकाला आणखी चिकटून राहतील. तुम्हाला आनंद नेमका कशाचा झाला?

मान्य आहे, आपल्याच काही कंपन्यांनी या व्हिसाचा धंदा केला. एकाच माणसाचे चार-चार अर्ज लॉटरीत टाकले, शेवटी २०२४ पासून नियम बदलावा लागला. तिकडच्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांचा राग खोटा नाही. पण त्याची शिक्षा कंपनीला कुठे झाली? बापाचा अग्नी फोनमध्ये बघत कोण उभं होतं?

भाचा पैशासाठी गेला, हेही खरं. आपणच पाठवला ना! पाचवीपासून कोचिंग कोणी लावलं? लग्नाच्या बायोडाटात 'एच-वन-बी' ठळक अक्षरात कोणी छापलं? मीसुद्धा पेढे वाटले होते. वर्षाला ६५,००० आणि तिकडे मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० जागा, त्यात लॉटरीत नाव निघालं म्हणून. चांगला पोरगा आहे हो तो. अजून रोज रात्री ताईला फोन करतो, बीपीची गोळी घेतली का विचारतो, आणि ती घेतली नसली तरी हो म्हणते.

मार्चात आला. मुंबईला स्टॅम्पिंग करून नागपूरला आठवडाभर राहिला. भाऊजींचे बँकेचे कागद, ताईचं पेन्शन, गॅसचं कनेक्शन, एकेक करत सगळं नावावर केलं. आलेल्या दोघा-तिघांनी त्याच्या तोंडावर विचारलं, "तेव्हा नाही जमलं का रे?" त्यानं मान खाली घातली. मी त्यांना तिथेच सुनावलं आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

आता कामाचं. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला भागात ज्यांची मुलं बाहेर आहेत आणि घरी म्हातारे दोघंच आहेत, त्यांनी इनबॉक्समध्ये नंबर द्या. आम्ही चार-पाच जण रात्री-बेरात्री दवाखान्यात यायला तयार आहोत. दोघांकडे गाडी आहे. फोन कधीही करा, संकोच करू नका. आणि मुलांनो, तुम्ही तिकडून वाचत असाल तर तुम्हीही लिहा, आई-बाबांचा पत्ता आणि कोणत्या डॉक्टरचं चालू आहे ते.