आइस्क्रीम पास, बटाटा नापास

माझ्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल आला, तेव्हा त्यात ६.१ हा आकडा होता. तो ५.७ च्या आत असता तर मी निरोगी ठरलो असतो आणि ६.५ असता तर रीतसर मधुमेही. डॉक्टरांनी मला ‘बॉर्डरलाइन’ म्हटले, म्हणजे मी ना धड इकडचा उरलो ना तिकडचा झालो. “ग्लायसेमिक इंडेक्स पाहून खात जा,” एवढे सांगून त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले. ‘पाहून खा’ हे मी शब्दशः घेतले आणि पदार्थांचा तक्ता छापून फ्रिजच्या दारावर चिकटवला.

हा इंडेक्स १९८१ साली टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. उपाशीपोटी आलेल्या माणसाला ५० ग्रॅम कर्बोदके मिळतील एवढा एखादा पदार्थ खायला घालायचा, पुढचे दोन तास थोड्या थोड्या वेळाने त्याचे रक्त तपासायचे आणि चढलेल्या साखरेची तुलना तेवढ्याच ग्लुकोजने चढणाऱ्या साखरेशी करायची, अशी ही परीक्षा असते. ग्लुकोजला १०० गुण. ५५ पर्यंतचे पदार्थ सज्जन, ७० पासून पुढचे दांडगट. कमी गुण मिळवणारा हुशार ठरतो अशी गुणपत्रिका मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो, आणि ही पद्धत माझ्या शाळेत का नव्हती याचे मला मनापासून वाईट वाटले.

निकाल मात्र धक्कादायक होता. उकडलेला बटाटा ७८, पांढरा पाव ७५, भात ७३. आणि साक्षात साखर ६५! आइस्क्रीम तर अवघे ५१. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोजचा असतो आणि तो यकृताकडे जात असल्यामुळे रक्तातले ग्लुकोज फारसे वाढवत नाही, तर आइस्क्रीममधल्या स्निग्धांशामुळे जठर सावकाश रिकामे होते, ही कारणे तक्त्यात दिलेली नव्हती, आणि दिलेली असती तरी मी ती वाचली नसती. त्या रात्री जेवताना मी बटाट्याची भाजी बाजूला सारली आणि वैद्यकीय कारणास्तव आइस्क्रीमची मागणी केली.

“अहो, डॉक्टरांनी तक्ता वाचायला सांगितलाय, त्यातून पळवाट काढायला नाही,” असे म्हणत बायकोने भाजीचे भांडे पुन्हा माझ्यासमोर सरकवले.

मग पाळी आली कलिंगडाची. त्याचे गुण ७६ पाहून मी फोड अशी दूर ढकलली, जणू ती सुरुंगाची वात होती. गणितात माझ्यावर न गेलेल्या मुलीने तेव्हा हिशेब मांडला. कलिंगडातून ५० ग्रॅम कर्बोदके मिळवायची तर सहाशे ग्रॅमहून अधिक गर एका बैठकीत संपवावा लागेल. १२० ग्रॅमच्या फोडीत ती जेमतेम नऊ ग्रॅम असतात. ७६ ला ९ ने गुणून १०० ने भागले की ग्लायसेमिक लोड, म्हणजे प्रत्यक्ष खाल्लेल्या वाढणीचा रक्तातल्या साखरेवरचा भार, सातच्याही आत येतो, आणि दहापर्यंतचा लोड कमी समजतात. थोडक्यात, गुणपत्रिकेतला आकडा प्रयोगशाळेतल्या वाढणीचा होता, माझ्या ताटातल्या वाढणीचा नव्हे. ती फोड तोवर मुलीनेच खाऊन टाकली होती.

तक्त्यावरचा विश्वास उडाल्यावर मी ग्लुकोमीटर आणला. सुई बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचली तर कमी दुखते, हे ज्ञान मला चौथ्या बोटावर प्राप्त झाले. एके सकाळी काही खाण्यापूर्वीच यंत्राने २४० आकडा दाखवला. मला दरदरून घाम फुटला, पलंगावर आडवे होऊन मी विम्याचे कागद कोणत्या कपाटात आहेत ते सांगू लागलो. “मघाशी आंबा कोणी चिरला?” एवढेच बायकोने विचारले. साबणाने हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटातून रक्त काढले तेव्हा आकडा १०४ भरला. तेवढा वेळ मी आंब्याची साखर तपासत होतो.

यानंतर शास्त्रशुद्ध प्रयोग करायचे ठरले. गरम भातानंतर तासाने १७८. तोच भात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून, दुसऱ्या दिवशी गरम करून खाल्ल्यावर १५१. शिजलेला स्टार्च थंड होताना त्याचा काही भाग पुन्हा घट्ट रचना धारण करतो आणि लहान आतड्यात पचत नाही, हे मी सर्वांना दोनदा समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी मी आधी वाटीभर डाळ व भाजी खाल्ली होती आणि जेवणानंतर वीस मिनिटे चाललो होतो, ही बाब मात्र निष्कर्षातून गाळली होती. ती बायकोने भर जेवणात उघड केली.

“आता तुझीही तपासू,” असे म्हणून मी सूड म्हणून तिच्या बोटाला सुई लावली. दोघांनी तोच भात आणि तेवढाच बटाटा खाल्ला होता. माझे १६९, तिचे ११८. इस्रायलमधील वाइझमन संस्थेने २०१५ साली ८०० माणसांच्या साखरेवर नजर ठेवून हेच दाखवले होते, की एकाच पदार्थाने वेगवेगळ्या माणसांची साखर वेगवेगळी चढते. परंतु त्या अभ्यासात नवरा-बायकोचे काय होते, याचा विचार झालेला माझ्या वाचनात नाही. मी तिला हात धुवायला लावले. दुसऱ्या बोटातून ११६ आले. मग तिने माझ्या ताटात उरलेले बटाट्याचे दोन तुकडे शांतपणे उचलले, त्यांवर चिमूटभर मीठ टाकले आणि माझ्याकडे पाहत खाल्ले.