काडतूस अडकलं की लगेच कानस काढू नका राव

एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय, मला एकट्याला तीन जणांनी पाठवला. मजकूर साधारण असा: "जुन्या शिकारी रायफलीत काडतूस अडकतंय? फीड रॅम्प आरशासारखा पॉलिश करा, मॅगझिनची स्प्रिंग ताणून परत बसवा, काडतुसांना तेलाचा हात लावा, कॅलिबर तेच असेल तर कुठलीही गोळी चालते, आणि बोल्ट बिनधास्त जोरात मारा." वाचायला एकदम सोप्पं. पण यातल्या पहिल्या गोष्टीने रायफल कायमची बाद होऊ शकते आणि पुढच्या दोनतीन गोष्टींनी माणसाला इजा होऊ शकते, म्हणून एकेक घेऊ.

रॅम्प पॉलिश. रॅम्प म्हणजे मॅगझिनमधलं काडतूस वर चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) नेणारा उतार. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. शंभर वर्षं ज्या रॅम्पवरून काडतुसं सुरळीत गेली तो अचानक खडबडीत कसा होईल, एवढा साधा प्रश्न कुणी विचारत नाही! गंज किंवा कुणाच्या स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकासा हात फिरवा, ते मान्य. पण ड्रेमेल (वेगाने फिरणारं घासायचं यंत्र) नाही. माउझर ९८ ही जुनी लष्करी रायफल घ्या, पुष्कळ जुन्या स्पोर्टर (शिकारीसाठी बनवलेल्या रायफली) तिच्यावरच बांधलेल्या असतात. तिच्यात रॅम्पचा धातू हाच बोल्टच्या (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) खालच्या लगचा, म्हणजे बोल्टला जागेवर अडकवणाऱ्या खुंटाचा, टेकू आहे. गोळी उडताना सगळा दाब दोन लगवर येतो, तुम्ही रॅम्प खात गेलात की त्यातल्या एकाचा टेकू कमी होत जातो. शिवाय त्या जुन्या रिसीव्हरचं (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) स्टील आतून मऊ आणि वरून फक्त एक पातळ कडक थर असं असतं, तो थर गेला की खालचा मऊ धातू दबायला लागतो. वेल्डिंग करून भर घालू म्हणाल तर त्या उष्णतेने उरलेला कडकपणाही जातो. आणि चेंबरची कड गोल केलीत तर तिथे काडतुसाच्या पितळी आवरणाला, म्हणजे केसला, आधार राहत नाही, ती फुगते, फुटूही शकते.

मग करायचं काय? अडकतंय कुठे ते आधी बघा. दोनतीन डमी काडतुसं घ्या (ना दारू, ना जिवंत प्राइमर म्हणजे दारू पेटवणारी मागची टिकली, पण लांबी आणि बुलेटचा, म्हणजे पुढच्या उडणाऱ्या भागाचा, आकार अगदी खऱ्यासारखा), काळ्या मार्करने पूर्ण रंगवा, मॅगझिनमध्ये भरा आणि बोल्ट सावकाश पुढे ढकला. जिथे शाई खरवडली जाते तिथे घासतंय. टोक चेंबरच्या खालच्या कडेला आपटत असेल तर काडतुसाचं तोंड खाली राहतंय, म्हणजे स्प्रिंग दमलीय, बुलेटचा आकार चुकीचाय किंवा पुढचा गार्ड स्क्रू (मॅगझिन रायफलीला आवळणारा) सैल होऊन मॅगझिनचा डबाच खाली आलाय. टोक वर जाऊन आपटत असेल तर मॅगझिनवरच्या रेल्स (काडतूस वरून धरून ठेवणाऱ्या दोन कडा) काडतूस लवकर सोडतायत, म्हणजे त्या झिजल्यात, कुणीतरी कानस मारलीय, नाहीतर रायफलची नळी बदलून दुसऱ्याच काडतुसाची बसवलीय आणि रेल्स जुन्याच मापाच्या आहेत. बोल्ट काडतुसाच्या मागच्या कडेवरून नुसताच सरकून जात असेल तर दोष स्प्रिंगचा किंवा फॉलोअरचा (काडतुसांखालची, स्प्रिंगने वर ढकलली जाणारी पट्टी). आणि काडतूस आत गेलं पण शेवटी बोल्टचं हँडल खाली येईना, तर तो फीडिंगचा प्रॉब्लेमच नाहीये, चेंबर तरी खराब आहे नाहीतर काडतूस तरी चुकीचं आहे. थांबायचं तिथेच.

माझ्या काकांच्या माउझर स्पोर्टरचं सांगतो. आधीच्या मालकाने रॅम्प असा घासला होता की तोंड बघावं त्यात, तरी दुसरं काडतूस दर वेळी वाकडं होऊन अडकायचं. फ्लोअरप्लेट (मॅगझिनचा तळ) काढली तर फॉलोअर उलटा! त्याच्या एका बाजूला उंचवटा असतो, त्यावरच काडतुसं डावी-उजवी आलटूनपालटून बसतात, तो भलत्या बाजूला आला होता. काढला, फिरवला, बसवला, दोन मिनिटं. पण घासलेला रॅम्प काही परत येत नाही, तो गनस्मिथला दाखवून, लगची जागा तपासून घेईपर्यंत काकांनी रायफल वापरली नाही. जाता जाता, त्या डब्ल्यूसारख्या पट्टीच्या स्प्रिंगलाही दिशा असते, अरुंद टोक फॉलोअरमध्ये आणि रुंद टोक फ्लोअरप्लेटमध्ये.

स्प्रिंग ताणणं. ताणलेली स्प्रिंग दोन दिवस बरी चालते मग पुन्हा बसते, धातू एकदा दमला की दमला. योग्य मापाची नवीन टाका. जास्त कडकही नको, वरचं काडतूस रेल्सवर इतकं दाबलं जातं की बोल्ट जड लागतो. लिव्हर ॲक्शन (खालचा दांडा ओढून भरायच्या) रायफलीच्या ट्यूब मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं एकापुढे एक ठेवणाऱ्या नळीखालच्या ट्यूबमध्ये, तर स्प्रिंगच्या आधी ट्यूबला पोचा आलाय का ते बघा, बोटाने चाचपलं तरी कळतं, आणि आतलं जुनं ग्रीस डिंकासारखं वाळलेलं असतं ते साफ करा. खरं सांगायचं तर नुसत्या साफसफाईनेच कित्येक रायफली सुटतात.

काडतुसाला तेल, हे तर अजिबात नको. गोळी उडते तेव्हा पितळी केस फुगून चेंबरच्या भिंतीला धरते आणि दाबाचा काही भाग तिथे अडतो. मध्ये तेल आलं की पकड सुटते, सगळा धक्का बोल्टवर येतो. शंभर वर्षांच्या बोल्टवर!

"कॅलिबर तेच असेल तर कुठलीही गोळी." इथे मला खरंच राग येतो. ८×५७ म्हणून दोन वेगळी काडतुसं आहेत, जुन्या जे ची बुलेट सुमारे ८.०८ मिमी आणि जेएस ची ८.२२ मिमी, आणि जुन्या नळीत जेएस टाकलं तर दाब धोकादायक वाढू शकतो. नळीवरचे शिक्के वाचा, कळले नाहीत तर जाणकाराकडून बोअर मोजून घ्या. आकाराचंही तेच. मॅनलिशर-शोनाउअर १९०३ चं फिरतं मॅगझिन ६.५×५४ काडतुसाच्या लांब, गोल नाकाच्या १६० ग्रेन (सुमारे १०.४ ग्रॅम) बुलेटसाठी बनवलंय, त्यात आखूड टोकदार बुलेट भरलीत की अडकणारच, रायफलची काय चूक? विंचेस्टर १८७३ या लिव्हर ॲक्शनमध्ये काडतुसाची लांबी हाच पुढच्याचा अडसर असतो, आखूड झालं तर ट्यूबमधल्या पुढच्याची कड लिफ्टरमध्ये (काडतूस वर उचलणारा ठोकळा) घुसते, लांब झालं तर ते स्वतःच ट्यूबमध्ये अर्धं राहतं, दोन्हीकडून लिफ्टर जाम. आणि .३०-३० काडतुसाच्या ट्यूब मॅगझिनमध्ये साधी टोकदार बुलेट कधीच नाही, तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर टेकलेलं असतं, धक्क्याने काय होईल ते वेगळं सांगायला नको.

बोल्ट जोरात मारणं. यात थोडं तथ्य आहे, लिव्हर अर्धवट ओढून परत लोटला तर हमखास जाम होतो, त्यामुळे स्ट्रोक पूर्ण हवा. पण पूर्ण म्हणजे जोरात नव्हे. माउझर ९८ चा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड खालून सरकत पकडतो. काहीजण काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकतात आणि वरून बोल्ट हाणतात, एक्स्ट्रॅक्टर मुळात त्या कडेवरून उडी मारण्यासाठी नाही, मग तो तुटू शकतो आणि लोक म्हणतात जुना माल. .३०३ सारख्या, मागची कड बाहेर आलेल्या काडतुसात तर भरतानाच वरच्याची कड खालच्याच्या पुढे हवी, मागे राहिली तर वरचं काडतूस खालच्याला ओढत नेतं आणि कितीही जोर लावा, हलत नाही. मॅगझिन काढायचं, काडतुसं उतरवायची, नीट भरायची.